एक्स-रेला पडलेलं भोक

मी एक जुनी दुर्बीण आहे. थांबा मित्रांनो, हरखून जवळ येऊ नका! बाहेर ऊन आहे ना? मग आधी माझ्या तोंडावर झाकण आहे का बघा. मी घाबरट आहे, आणि का ते ऐकाच.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधला. जोगेश्वरीच्या शाळेत आले तेव्हा काय थाट माझा! शनीची कडी बघायला आख्खी गच्ची भरली होती. मग कौतुक आटलं आणि मी कपाटात गेले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला.

१९८९ च्या हिवाळ्यात नववीतल्या अनुपमाने मला पुसून झकास चमकवलं. विज्ञान प्रदर्शनासाठी! त्या वर्षी सूर्यावर डागच डाग होते. गच्चीवर ती मला सूर्याकडे वळवायची आणि मागे स्टँडवर पांढरा कागद लावायची. कागदावर बशीएवढा सूर्य उमटायचा, त्यावर काळे ठिपके. शेजारच्या काचेच्या पेटीत मेणबत्ती आणि उदबत्ती. धूर मधोमध वर चढायचा, दोन्हीकडे पसरायचा, कडेने खाली उतरायचा.

"विषुववृत्ताजवळची हवा अशीच फिरते," ती पाहुण्या सरांना सांगत होती. "डाग वाढले की सूर्याचे अतिनील किरण वाढतात. खूप उंचावरचा ओझोन तापतो, तिथले वारे बदलतात. त्याचा धक्का खालच्या ह्या चक्रालाही बसत असेल."

"म्हणजे आपला पाऊसही बदलेल?"

"तेच तर शोधतायत, सर! पक्कं कुणालाच माहीत नाही."

मी अभिमानाने ताठ झाले. तेवढ्यात मागून तिची मैत्रीण मालन आली. हातात जुना एक्स-रे.

"कागदावर काय बघायचं गं? डायरेक्ट बघूया ना!"

"आधी अनुपमाला विचार," बरोबरची शकु म्हणाली.

"ऐंशीच्या ग्रहणाला आमच्या धाकूमामाने ह्यातूनच बघितलेलं. काय झालं त्याला? तू ना, एक नंबरची भित्री!"

मालनने कागद काढला आणि एक्स-रे माझ्या मागच्या भिंगाला टेकवला. मी आतून थिजले. धाकूमामाने दुर्बिणीशिवाय सूर्य बघितला होता, तेही धोक्याचंच. मी तर तोंडभर ऊन गोळा करून एका ठिपक्यात ओतते! मला थांबता येत नाही, ओरडता येत नाही. फिल्म मऊ झाली. धूर निघाला.

"काहीतरी जळतंय गं."

"उदबत्ती असेल, येडे!"

मालन वाकली. तिचा डोळा खाली येत होता. मला पापणी दिसली, मग पापणीतलं काजळ.

अनुपमा बोलता बोलता थांबली. "उदबत्तीला प्लास्टिकचा वास?" ती वळली, धावली आणि तिने दोन्ही तळवे माझ्या तोंडावर दाबले. अंधार! इतका गोड अंधार मी कधी पाहिला नव्हता.

"आंधळी झाली असतीस ना गं!" ती रडतच ओरडली. मालनने एक्स-रे ओढून काढला. त्याला आरपार भोक पडलं होतं.

आता तो माझ्या गळ्यात दोरीने बांधलाय. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पण माझं झाकण हरवू नका. सूर्य जरूर बघा, कागदावर. दिवसा मला डोळा लावायचा कुणी हट्ट केलाच, तर भांडू नका. तो एक्स-रे उन्हाकडे धरा आणि त्याला त्यातलं भोक दाखवा. बरोब्बर डोळ्याच्या बाहुलीएवढं आहे.