रडवा त्याला!

मी आत्या. शाळेत पीटी शिकवते, त्यामुळे आवाज मैदानभर जाणारा. कुजबुजले तरी शेजारी दार उघडून बघतात. आमचा गट्टू जन्मल्यापासून मला बघितलं की भोकाड पसरतो. आणि नेमकं त्याने रडायचं नव्हतं. डाव्या कानाखाली गाठ होती, रक्तवाहिन्यांची, लाखात एखाद्या बाळाला होणारी. रडला की ती टम्म फुगायची, निळी पडायची. मग काय, त्याला रडायची बंदी आणि मला त्याला घ्यायची! चार महिने सख्ख्या भाच्याला मी दाराच्या फटीतून बघितलं. "ताई, वाईट नका वाटून घेऊ," वहिनी म्हणायची. वाटायचंच हो! मी काय राक्षसीण आहे?

ऑपरेशन सहा तास चाललं. सर्जनबाईंनी आधीच बजावलं होतं, "गाठीतून चेहऱ्याची नस जाते, दोऱ्याएवढी. ती सांभाळायची पराकाष्ठा करू. पण दुखावली, तर ओठाची डावी बाजू हलणार नाही." गाठ निघाली. नस वाचली की नाही, ते मात्र सूज उतरल्यावर, बाळ मोकळं रडेल तेव्हाच नीट कळणार होतं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. सर्जनबाई म्हणाल्या, "रडवा त्याला."

आली का पंचाईत! ओठ काढला रे काढला की धावत सुटणारी माणसं ही, ती कसली रडवतायत? वहिनीने हातातला खुळखुळा काढून घेतला, तर हा पठ्ठ्या पंख्याकडे बघत बसला. भावाने डोळे वटारले आणि स्वतःच रडवेला झाला. सर्जनबाईंनी तळव्याला टिचकी मारली. गट्टूने पाय आखडून घेतला, बस्स.

"अहो, हा रडतो तरी कशाने?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारात मी.

"ये ताई," भाऊ म्हणाला.

मी पुढे झाले. उचललं त्याला. केवढा जड झाला होता गुलाम! म्हटलं, "काय रे, ओळखलंस का आत्याला?"

त्याने टक लावून बघितलं. खालचा ओठ थरथरला. उजवा कोपरा खाली वळला. डावा तसाच.

मग डावाही वळला आणि साहेबांनी असा टाहो फोडला की बाहेरची नर्स धावत आत आली.

"दोन्ही बाजू! बघा, दोन्ही!" सर्जनबाई माझ्यापेक्षा मोठ्यांदा ओरडल्या. भाऊ टाळ्या पिटायला लागला. माझ्या डोळ्यांना तर धारा लागल्या होत्या. "रड रे माझ्या राजा, रड!"

मग सवयीने मी त्याला वहिनीपुढे धरलं. तिने डोळे पुसले, पण हात काही पुढे केले नाहीत.

"राहू द्या तुमच्याकडेच, ताई," ती म्हणाली. "आता रडला तरी चालेल."