दोन मिनिटं, आधाराशिवाय

"ती पदकं काढून खिशात टाक," जॅनिस दबक्या आवाजात म्हणाली. "घरीच सांगितलं होतं तुला."

"आज अकरा तारीख आहे."

"म्हणूनच सांगतेय. असा नटून आत गेलास की ती तपासणीवाली बाई म्हणेल, ह्याला काय धाड भरलीय?"

ग्लेन ऑगडनने पदकांना हात लावला नाही. छातीवर तीन पदकं, त्यांच्यावर युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ लावतात ते लाल कागदी पॉपीचं फूल आणि पायांत चकचकीत बूट. डावा बूट ज्या पायात होता तो पाय कारखान्यात बनलेला होता, पण पॉलिश करताना ग्लेनने दोन्ही बुटांत कधी डावंउजवं केलं नव्हतं.

दर वर्षी अकरा नोव्हेंबरला, सकाळी अकराच्या ठोक्याला, तो गावातल्या युद्धस्मारकासमोर उभा असे. तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. यंदा नेमकी त्याच दिवशी, पावणेअकराची वेळ देऊन अपंगांच्या सवलती ठरवणाऱ्या सरकारी कचेरीने तपासणीला बोलावलं. जॅनिसने फोन करून तारीख बदलून मागितली. बदलता येईल, एक गोड आवाज म्हणाला, पण मग ही फाईल बंद होईल आणि सगळं पहिल्यापासून. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण इंग्लंडातल्या ह्या ब्रॅकनशॉ गावात कुणी ऐकलेली नव्हती, पण तिचा अर्थ गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होता.

तपासणी दर तीन वर्षांनी होई. मांडीच्या मध्यापासून गेलेला पाय एव्हाना परत उगवला असेल, अशी सरकारला दर तीन वर्षांनी शंका येई.

मागच्या खेपेला ही कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. तेव्हा ग्लेन जिना बसून, एकेक पायरी मागे सरकत चढला होता. ते वर्तमानपत्रात आलं, बोंबाबोंब झाली आणि कचेरी सुधारली. आता दारापाशी रुंद उतार होता. दार आपोआप उघडे. लिफ्ट मजल्याचं नाव बोलून सांगे. खिडकी चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या उंचीला आणलेली होती आणि भिंतीवर पितळी पाटी होती : माजी सैनिकांचं इथे स्वागत आहे. सुधारणा झाली हे नाकारण्यात अर्थ नव्हता. पूर्वी नकार घ्यायला दोन जिने चढावे लागत, आता नकारापर्यंत लिफ्ट जात होती.

"थोडं जास्त लंगड," आत जाताना जॅनिस कुजबुजली.

"लंगडतोच आहे की."

"तू लंगडतोस तेसुद्धा संचलनात चालल्यासारखा."

तपासणी करणाऱ्या मिस क्रॉसली तिशीच्या होत्या. वागायला गोड. त्यांनी ग्लेनसाठी खुर्ची वरखाली करून बघितली, पाणी आणून दिलं आणि जॅनिसला बसायला दुसरी खुर्ची ओढली. मग कॉम्प्युटरकडे वळून एकेक प्रश्न विचारू लागल्या. अंघोळ कशी करता? जिना? घरातल्या घरात पाय लावता की काढून ठेवता?

"घरात काढूनच," ग्लेन म्हणाला. "मांडीचा खुंट ह्या पायाच्या वाटीत बसतो ना, तिथे सोलवटतं. सोलवटलं की चार-चार दिवस पाय लावता येत नाही."

"गाडी वापरता?"

"हो. हाताने चालवायची. सरकारने दिलेली."

त्या गाडीसाठीच हे सगळं चाललं होतं. निळी, छोटी, ब्रेक आणि वेग दोन्ही हाताशी. ग्लेन सैन्यात ट्रकचालक होता. चोविसाव्या वर्षी पाय गेला, पण चाकामागे बसला की तो अजूनही धडधाकट माणूस होता. रोज पहाटे साडेपाचला तो जॅनिसला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला सोडी, कारण त्यांच्या टेकडीवर आठच्या आत बस फिरकत नसे. गाडी गेली की तो घरात कोंडला जाणार आणि तिची नोकरी जाणार, इतकं ते सरळ होतं.

"आणि उभं राहणं?" मिस क्रॉसलींनी विचारलं. "कशाला न धरता किती वेळ उभे राहू शकता, मिस्टर ऑगडन?"

"न धरता नाही जमत, मॅडम. काठी लागते. नाहीतर—"

तेवढ्यात छतातल्या कर्ण्यातून आवाज आला. अकरा वाजले आहेत. दोन मिनिटं स्तब्ध राहून आपण आपल्या सैनिकांचं स्मरण करू या. पूर्वी ह्या कचेरीत असलं काही होत नसे. सुधारणांत हेही आलं होतं.

मिस क्रॉसली लगबगीने उठल्या. जॅनिस उठली आणि उठता उठता तिने ग्लेनच्या खांद्यावर हात दाबला. जोरात दाबला. बस, असं सांगणारा तो हात होता.

ग्लेन उठला. काठी खुर्चीला टेकवलेली होती, ती घसरून जमिनीवर पडली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. टाचा जुळवल्या, हात पँटच्या शिवणीला लागले, हनुवटी वर गेली. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. शिंक आली की माणूस शिंकतो.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत, बॉस्नियातल्या एका घाटात, तो पिठाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक चालवत होता. खरं तर पाळी कॉर्पोरल पिलिंगची होती. पिलिंग अडतीस वर्षांचा, जाडजूड, दोन मुलींचा बाप. त्याची दाढ ठणकत होती म्हणून ग्लेन म्हणाला, तू बस शेजारी, मी घेतो. बर्फावर चाक सरकलं. शत्रू नाही, गोळी नाही. ट्रक दरीच्या बाजूला कलंडला, ज्या बाजूला पिलिंग गाल धरून बसला होता. ग्लेनचा पाय तिथेच गेला. पिलिंगला बाहेर काढलं तेव्हा तो पिठाने पांढराफटक झाला होता. असल्या मरणावर भाषणं होत नाहीत. ग्लेन वर्षातून एकदा त्याच्यासाठी दोन मिनिटं उभा राही, बस.

पहिल्या मिनिटानंतर वाटीचा काठ मांडीत रुतायला लागला. दुसऱ्या मिनिटाला आत ओलं झाल्याचं त्याला कळलं. तो हलला नाही.

जॅनिस ग्लेनकडे बघत नव्हती. ती मिस क्रॉसलींकडे बघत होती. त्या मान खाली घालून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. दोन मिनिटं झाली. त्यांनी डोळे पुसले, वाकून काठी उचलून ग्लेनच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमचे आभार, मिस्टर ऑगडन. सगळ्याबद्दल."

मग त्या खाली बसल्या आणि टाइप करू लागल्या.

पत्र जानेवारीत आलं. जॅनिसने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि मोठ्याने वाचता वाचता तिचा आवाज फाटला. "'तपासणीदरम्यान अर्जदार दोन मिनिटं कोणत्याही आधाराशिवाय, ताठ, स्थिर उभे राहिलेले आढळले. चेहऱ्यावर वेदनेची चिन्हं नव्हती.' वेदनेची चिन्हं नव्हती! लढाईत गेलेल्यांना मान देताना तोंड वेडंवाकडं करायचं होतं का तुला?"

शेवटची ओळ ग्लेनने स्वतः वाचली. देशसेवेबद्दल आभार, आणि गाडी आठ आठवड्यांत परत.

त्याचा जुना सोबती डग, जो दोन्ही पायांनी अधू होता आणि चाकाच्या खुर्चीतून जगावर तोंडसुख घेत असे, तो ऐकून आधी हसला. मग त्याचं हसू गेलं.

"गाढवा, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. तोही एकुलत्या एका पायावर."

"सगळे उभे राहिले होते."

"सगळ्यांना पाय होते, लेका! अपील कर. सांग की टेबलाला धरून उभा होतो. कोण विचारतंय?"

जॅनिसने अपिलाचा कागद भरला. अक्षर सुंदर होतं तिचं. ग्लेन सही करायला बसला, वाचलं आणि पेनाने एक ओळ खोडली.

"धरलं नव्हतं टेबलाला."

"तिला काय आठवतंय? मान खाली घालून रडत होती ती."

"मला आठवतंय."

"ग्लेन, गाडी जाईल."

"पिलिंगसाठी उभा राहिलो. आता लेखी देऊ की राहिलो नव्हतो म्हणून?"

"पिलिंग मेलाय!" जॅनिसने हातातला चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की चहा कागदावर सांडला. "तीस वर्षं झाली मरून. मी जिवंत आहे. मला सहाला भट्ट्या पेटवायच्यात, दोनशे पोरांचं जेवण करायचंय. तुझ्या त्या दोन मिनिटांची किंमत मी भरायची का?"

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ग्लेन बराच वेळ डाग पडलेला कागद पुसत बसला. मग त्याने लिहायला सांगितलं : दोन मिनिटं उभा राहिलो, आधाराशिवाय. घरी येऊन पाय काढला तेव्हा खुंटावरचा मोजा रक्ताने भिजला होता. पुढचे सहा दिवस पाय लावता आला नाही. जॅनिसने लिहिलं. लिहिताना तिने त्याच्याकडे वर पाहिलं नाही.

गाडी न्यायला मार्चमध्ये माणूस आला, तिला चढवून न्यायचा ट्रक घेऊन. सकाळपासून ग्लेनने गाडी धुतली होती. सैन्यात रोज गाडी बाहेर काढण्याआधी तपासायची शिस्त असते : तेल, पाणी, चाकातली हवा, दिवे. ते सगळं त्याने केलं आणि एका कागदावर लिहून त्या माणसाच्या हातात दिलं. तो माणूस बावचळला.

"हे काय, साहेब?"

"उजवीकडचा मागचा टायर थोडा हवा सोडतो. पुढच्याला सांगा."

गाडी ट्रकवर चढली. माणसाने पट्टे आवळले. ग्लेन फाटकाला धरून बघत होता.

"मागचा पट्टा उलटा घातलायस," तो म्हणाला. "वळणावर सुटेल."

माणसाने पट्टा काढून पुन्हा घातला. जॅनिस दारातून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

जॅनिसची पहाटेची नोकरी एप्रिलपर्यंत टिकली. शेजारीण तिला आठवड्यातले दोन दिवस सोडायची, उरलेले दिवस ती दोन मैल चालत जायची. मग गुडघा धरला. आता ती दुपारी एका वृद्धाश्रमात चादरी धुवायला जात होती. ग्लेन टेकडीवरून महिन्यातून एकदा खाली उतरे, डगच्या माजी सैनिकांच्या संस्थेची व्हॅन आली तर.

अपिलाचं उत्तर ऑक्टोबरात आलं. निर्णय पुन्हा तपासून पाहू, असं त्यात होतं. डिसेंबरात नवी तपासणी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अर्जदाराच्या दैनंदिन हालचालींबाबत बाहेरून मिळालेली माहितीही विचारात घेतली जाईल. आणि बाहेरून माहिती मिळत होती. मिस्टर ऑगडन कचऱ्याचा डबा एकटे ओढताना दिसले, असं गल्लीतल्या कुणीतरी आधीच फोन करून कळवलं होतं. कुणी, ते कचेरी सांगत नव्हती. तेव्हापासून ग्लेन गल्लीतल्या प्रत्येकाला नमस्कार करताना, हाच का तो, असा विचार करी. तीस वर्षांची गल्ली होती ती.

अकरा नोव्हेंबरला डगचा फोन आला. "व्हॅन दहाला निघतेय. तयार राहा."

"मी नाही येत."

"नाही येत म्हणजे?"

"तिथे फोटो काढतात. पेपरात येतात."

"मग बसून राहा ना, माझ्यासारखा! एक खुर्ची घालू माझ्या शेजारी."

"तिथे? पिलिंगच्या नावासमोर बसू?"

डग म्हणाला, "त्याला सांगतो, पाऊस होता म्हणून आला नाहीस." आणि फोन ठेवला. पाऊस खरोखरच होता.

साडेदहाला ग्लेनने कोट चढवला. पदकं लावली, पॉपी लावली. आठवडाभर पाय न लावल्यामुळे मांडी जरा बरी होती. त्याने पाय लावला, बूट पुसले आणि काठी टेकत स्वयंपाकघरात आला. जॅनिस मटण-बटाटा भरायच्या पेस्ट्रीसाठी पीठ मळत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ह्या वेळी ती पदकांबद्दल काही बोलली नाही.

रेडिओवर घंटेची वाट बघणारी खरखर चालू होती. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवर उघडत होती. समोरच्या घराच्या दारात कुणीतरी छत्री झटकत उभं होतं.

ग्लेनने खिडकीकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

"पडदा ओढ," तो म्हणाला.

जॅनिसचे हात पिठात थांबले. एकतीस वर्षांच्या संसारात तिने ह्या माणसाला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि लपताना तर नाहीच. तिला रडू फुटेल असं वाटलं. पण तिने हात पुसले, गेली आणि पडदे ओढले.

पहिला ठोका पडला. ग्लेनने काठी ओट्याला लावून ठेवली, ह्या वेळी नीट, पडू नये अशी. टाचा जुळवल्या. हात शिवणीला लागले.

ते पडदे बैठकीच्या खोलीतून काढून इथे लावलेले होते आणि खिडकीला जरा अपुरे पडत. मधे चार बोटांची फट राहिली होती. जॅनिस तिथेच उभी राहिली, त्याच्याकडे तोंड करून, आणि हात मागे नेऊन दोन्ही पडद्यांच्या कडा तिने मुठीत एकत्र धरल्या. दोन मिनिटं होईपर्यंत तिने त्या सोडल्या नाहीत.