कोपऱ्यावरचा ढीग

मंडळी, बर्फ पडला की आपल्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: हा टाकायचा कुठे? आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: आपलं दार सोडून कुठेही! कॅनडातल्या किचनरमधल्या एका टाउनहाउस कॉम्प्लेक्सने २००८ च्या फेब्रुवारीत नेमकं हेच उत्तर शोधून काढलं, आणि ते अमलात आणायचं काम व्हॅलेरियनच्या गळ्यात पडलं.

व्हॅलेरियन मूळचा वसईचा. उन्हाळ्यात तो लोकांची लॉन कापायचा आणि हिवाळ्यात आपल्या पिकअप ट्रकला पुढे प्लाऊचं भलंमोठं पातं लावून बर्फ ढकलायचा. माणूस कामाला वाघ. पहाटे पाचला आलेला गडी दहाच्या आत पाच कॉम्प्लेक्स साफ करून कॉफी प्यायला मोकळा. खोड एकच होती. सांगितलेलं काम करायचं, त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नाही. बर्फ कुणाच्या वाटेत जातोय, हे बघणं आपलं काम नाही असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

आदल्या संध्याकाळी त्याला रवींद्रचा फोन आला होता. रवींद्र नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, आणि त्या कॉम्प्लेक्सच्या कॉन्डो बोर्डाचा, म्हणजे सोसायटीच्या कमिटीचा, प्रेसिडेंट. सुनेत्रा त्याची बायको.

"व्हॅलेरियन, उद्या आमच्याकडे हळदीकुंकू आहे. पुढच्या आठवड्यात रथसप्तमी, म्हणजे हाच शेवटचा शुक्रवार. सुनेत्राने टोरोंटो, मार्कहॅमपासून बायका बोलावल्यात. व्हिजिटर पार्किंग एकदम क्लिअर पाहिजे. तू मागच्या सहा जागांमध्ये बर्फाचा ढीग घालतोस ना, तो उद्या नको. सगळा पुढच्या कोपऱ्यावर घाल."

पुढचा कोपरा म्हणजे कॉम्प्लेक्समधला रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो ती जागा. शाळेत जाणारी मुलं तिथेच रस्ता ओलांडतात, हे व्हॅलेरियनला चांगलं ठाऊक होतं. "येस सर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी रेडिओवर सांगितलं: स्कूल बस कॅन्सल, शाळा चालू. म्हणजे रोज बसने जाणारी मुलंही आज पायी निघणार. साडेआठ वाजेपर्यंत कोपऱ्यावर माणसापेक्षा उंच ढीग तयार झाला होता. खालचा फुटपाथ पार गाडला गेला. व्हॅलेरियन शेवटची खेप ढकलत कोपऱ्याकडे आला आणि त्याला कचकन ब्रेक मारावा लागला.

ट्रकच्या पुढ्यात जयंतीकाकू उभ्या होत्या. अंगात पिवळं चकचकीत जॅकेट, हातात स्टॉपची पाटी.

जयंतीकाकू ठाण्याच्या. चौसष्ट वर्षांच्या. मुलाकडे आल्यावर बेसमेंटमध्ये बसून मालिका बघायचं त्यांनी साफ नाकारलं आणि शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या क्रॉसिंग गार्डच्या नोकरीला अप्लाय केलं. मुलं त्यांना मिसेस जे म्हणायची.

व्हॅलेरियनने काच खाली केली. "आँटी, बाजूला व्हा ना. एवढी एकच खेप राहिलीये."

"नाही होणार."

"आँटी, मला अजून दोन ठिकाणी जायचंय!"

"तुला दोन ठिकाणी जायचंय, पोरांना एकाच ठिकाणी जायचंय. ती कुठून जाणार, ते सांग."

"मला सर म्हणाले इथे घाल, मी घातला. माझी काय चूक?"

"बरं, चूक नाही ना? मग खाली उतर. फुटपाथवरून चालत त्या टोकाला जा. गेलास की मी बाजूला होते."

व्हॅलेरियनला हसू आलं. म्हातारीच्या समाधानासाठी चार पावलं चालायला काय जातंय! तो उतरला. पण फुटपाथ होताच कुठे? ढिगावर चढायला गेला तर मांडीपर्यंत आत रुतला. कसाबसा पाय काढला आणि वळसा घालायला रस्त्यावर उतरला. तेवढ्यात पाठीमागून एक व्हॅन वेगात आली. व्हॅलेरियनने ढिगावर उडीच मारली! व्हॅनचा आरसा त्याच्या बाहीला घासून गेला.

सहा फुटी गडी, अंगात भडक नारिंगी जॅकेट. तरी ढिगाआडून व्हॅनवाल्याला तो दिसला नाही. तो ढिगाच्या पलीकडे पोचला. तिथे शाळेची मुलं एका ओळीत उभी होती. जयंतीकाकूंनी त्यांना रस्त्यापासून दूर, एका घराच्या ड्राइव्हवेवर थांबवून ठेवलं होतं. सगळ्यात मोठं पोर त्याच्या छातीपर्यंत येत होतं.

"मिसेस जे, कॅन वी गो नाउ?" एकाने विचारलं.

"नॉट येट, शॉन," काकू ओरडल्या.

व्हॅलेरियनने मागे वळून ढिगाकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण बर्फ ढकलतोय, आणि ढकललेल्या बर्फाच्या पलीकडे एकदाही चालत आलो नाही! त्याला स्वतःची लाज वाटली. तो परत आला आणि त्याने ट्रकचं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. ऑफिसला निघालेल्या रवींद्रची गाडी ट्रकच्या मागे अडकली होती. तो टाय सावरत उतरला.

"काय चाललंय? व्हॅलेरियन, ट्रक काढ. नऊला माझी मीटिंग आहे."

"ट्रक काढतो सर. पण हा ढीगही काढतो. मागच्या पार्किंगमध्ये नेऊन टाकतो."

"अरे, तिथे गाड्या लागणार आहेत संध्याकाळी! एका दिवसाचा प्रश्न आहे."

"पोरं आज याच रस्त्याने जाणार आहेत, सर. मी इथे एक फावडंभरही टाकणार नाही."

रवींद्रचा पारा चढला. "मग पुढच्या सीझनला मी दुसरा माणूस बघतो!"

कॉम्प्लेक्स हातचं जाणार, हे व्हॅलेरियनला कळलं. घरी बायको सुझान काय म्हणेल, तेही डोळ्यांपुढे आलं. तरी तो जागचा हलला नाही.

"बघा सर. पण त्यालाही आँटी इथेच उभ्या दिसतील."

"काकू, तुम्ही तरी समजून घ्या," रवींद्र त्यांच्याकडे वळला. "तुम्हालाही संध्याकाळचं बोलावणं आहे. लोक हळू चालवतात गाड्या. मी रोज इथून जातो, बघूनच वळतो."

"हो ना? मग बस गाडीत. व्हॅलेरियन, तू ट्रक बाजूला घे. रवींद्र, रोज थांबतोस तिथे येऊन थांब, आणि वळायच्या आधी एवढंच सांग, पलीकडे किती मुलं आहेत?"

रवींद्र तणतणत गाडीत बसला. कोपऱ्यापर्यंत आला, मान वळवली. डावीकडे नुसती पांढरी भिंत. त्याने मान पुढे काढली, मागे घेतली.

"कोणी नाहीये," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "असतील दोन-तीन."

"हात स्टिअरिंगवरून काढ, गाडी पार्कमध्ये टाक," काकू म्हणाल्या. मग त्या रस्त्याच्या मधोमध गेल्या, दोन्हीकडची वाहतूक थांबवली आणि मुलांना हाक मारली.

ढिगाआडून एक टोपी आली. मग दुसरी. रवींद्रच्या बंपरपासून दोन हातांवरून मुलं जाऊ लागली. पाच, सहा, सात... अकरा! शेवटची मुलगी एवढीशी होती की तिचं डोकं बॉनेटच्या वर आलंच नाही. ती गाडीपुढून गेली आणि रवींद्रला ती फक्त पलीकडे पोचल्यावर दिसली.

अरे देवा! आपण 'कोणी नाहीये' म्हणालो होतो! हा पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला असता तर? रवींद्रने कपाळावरचा घाम पुसला. उणे बारा तापमानात माणसाला घाम फुटला होता.

तो उतरला. "काकू, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी फक्त पाहुण्यांच्या गाड्यांचा विचार केला."

"माझ्याशी बोलून काय उपयोग? शोव्हल आण."

मीटिंग राहिली. व्हॅलेरियनने ढीग कापून आत ओढायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी ट्रक मागे घेण्याआधी तो खाली उतरून मागे कोणी नाही ना ते बघत होता. रवींद्र ऑफिसच्या बुटांनी फुटपाथ शोव्हल करत होता. तासाभरात कोपरा मोकळा झाला. मागच्या सहाही जागा बर्फाने भरल्या.

संध्याकाळी पाहुण्यांनी गाड्या दूरच्या शॉपिंग प्लाझात लावल्या. पैठण्या सावरत, स्नो बूट घालून बायका चालत आल्या. एकीने कुरकुर केली तेव्हा सुनेत्राने तिला हळदीकुंकू लावता लावता सगळी हकिगत सांगितली. मग कुणी कुरकुरलं नाही. रवींद्रने पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये ठराव आणला: कोपऱ्यावर बर्फ टाकायचा नाही, कुणाचंही कार्य असो! व्हॅलेरियनचं काम गेलं नाही. गेलं असतं, तरी त्याने पुन्हा तेच केलं असतं. मार्चमध्ये एका दुकानदाराने त्याला बस स्टॉपवर बर्फ ढकलायला सांगितलं, तेव्हा त्याने तिथल्या तिथे नकार दिला आणि ते गिऱ्हाईक सोडलं.

मंडळी, बर्फ आभाळातून पडतो, त्यात कुणाचा दोष नाही. पण तो ढकलायचा कुठे, हे आपण ठरवतो. आपलं दार मोकळं करताना दुसऱ्याची वाट बुजवायची नाही, रस्त्याच्या तोंडाशी भिंत उभी करायची नाही, आणि ढीग घातलाच तर एकदा त्याच्या पलीकडे स्वतःच्या पायांनी चालून बघायचं. आणि कुणी चुकीच्या जागी ढकलायला सांगितलं, मग तो प्रेसिडेंट असो की आपल्याच घरचं माणूस, तर इंजिन बंद करा आणि नाही म्हणा. मोठ्याने म्हणा!