सुशीलाबाईनं खुडलेलं अंगन

बस गा राजदीप, तुह्या जीपचं चाक आता खोललंच हाय. ट्यूब पान्यात बुडवल्याबिगर छेद दिसत नाई. तवर तुले एक गोष्ट सांगतो, माह्याच अंगनातली. दुकानामागं हे लाल-गुलाबी फुलाचं अंथरून दिसते न, दर खेपेले तू इचारतोस, "काका, हे कोनं लावलं?" त्याची गोष्ट. अर्धं मीच लावलं. बाकी अर्ध्याचं ऐकशीन तं हासशीन.

तुही काकी, कुसुम, दोन हजार सहाले लकव्यानं पडली. उजवा पाय गेला. दवाखाना केला, मालिश केली, पायात जीव परत आला. डाक्टर मने, "पाय आता चांगला हाय. चालवा याइले. बसून रायल्या तं आखडन, मंग कोनी काई करू शकनार नाई."

पन चालन कोन? एकदा उठताना पडली होती, तेच भेव मनात बसलं. पडवीतल्या खाटेवर बसली ते बसलीच. मी हात धरला का भडके.

"सोडा! पाडता काय मले?"

"अवो, पाडाले कोन हात धरते?"

"तुमचा भरोसा नाई. टायर लोटता तसं लोटून देसान."

जिभेले मातर लकवा शिवलाबी नोहता.

अंगन तं तू पाहूनच रायला. सारा मुरूम. सावलीचं नाव नाई. उन्हाळ्यात अनवानी पाय ठेवला का फोड आलाच समज. एकदा गोंदियाले ट्यूब आनाले गेलो, तं एका क्वार्टरसमोर मुन्नालाल माळी काम करून रायला होता. त्याच्यापुढं जमिनीले चिकटून फुलंच फुलं, भर उन्हात! मनात आलं, कुसुमले फुलाचा शौक हाय, हे पाहाले तरी उठन. मुन्नालाल मने, "ले जा काका. डंडी तोड़ के कहीं भी खोंस दे. धूप चाहिए इसको, पानी तो बस नाम का." सकाळी ऊन चढलं का हे फूल उघडते, दुपार कलली का मिटते. म्हनून तो त्याले 'दस बजे का फूल' मने. आपन चिनी गुलाब मन्तो.

थैलीभर डंड्या आनल्या. कुंपनाच्या कडेले मुरूम खनला, रेती टाकली, शेनखत टाकलं अन् खोचल्या. लागल्या बाप्पा! जमीन धरून चौफेर पसरल्या. मी कुसुमले मनलो, "चाल, पाहाले."

ते मने, "इथूनच दिसते."

झालं! संपला माहा डाव.

आता कुंपनापलीकडं रायत होती सुशीलाबाई. धानाची शेतीवाली, आवाज असा का तलावाच्या पाळीवरून हाक मारली तं गावात ऐकू ये. पन दिलाची मोठी. कुसुम दवाखान्यात होती तवा मले दोन टाइम वरन-भात तिच्याच घरून ये. तं एक दिवस, झाडाले कळ्या धरल्या होत्या अन् मी इथं दुकानात होतो, बाई सूप घेऊन आमच्या अंगनात आली अन् खुडतच बसली. तिले वाटलं, घोळीची भाजी होय! रानातली घोळ तशीच, लाल डंडी, रसाळ पान. याचं पान जरा बारीक, पन बाईचा चष्मा घरी. अन् आपल्याकडं जमिनीवर असं हिरवं पसरलेलं दिसलं का बाईचा हात आपोआप खुडाले जाते.

कुसुम खाटेवरून वरडली, "ओ बाई! ते भाजी नोहे!"

"थोडीशीच नेऊन रायलो वो. शिजली का तुले वाटीभर आनून देतो."

"फुलं हायेत ते! आमच्या संघदीपच्या बाबानं लावले!"

"फुलं कोठं हायेत? मले तं घोळच दिसून रायली." अन् खुडनं चालूच.

मी कल्ला ऐकून हात पुसत मागं गेलो. पाहतो तं काय, खाट रिकामी! कुसुम अंगनाच्या मधात. काठी नाई, कोनाचा हात नाई. एक पाय घासत, पदर मातीत, अन् तोंडानं सुशीलाबाईचा उद्धार. मी जागीच थांबलो. धराले धावलो तं तिले भेव आठवन, असं वाटलं. ते गेली कुंपनापर्यंत, सूप हिसकलं अन् मंग मागं वळून खाटेकडं पाह्यलं. तवा कुंपन घट धरलं तिनं.

"बाई, मी इथं कशी आली?"

"शिव्या देत आली वो," सुशीलाबाई मने, अन् तिले कवटाळून रडाले लागली. दोघी तिथंच मुरमावर बसल्या. मी पानी आनतो मनून घरात गेलो, अन् पह्यले डोळे पुसले.

सूपभर शेंडे पडले होते. ते फेकते काय कोनी? कुसुम बसल्या जागेवरून बोट दाखवे अन् सुशीलाबाई तिथं एकेक शेंडा खोचे. खोचलेले बी लागले, अन् खुडलेल्या डंड्याइले नवे फुटवे आले. पह्यल्यापेक्षा दाट! पुढं रोज सकाळी कुंपनाजवळून हाक ये, "ये वो कुसुम, फुलं उघडले!" अन् कुसुम जाये. आधी भिंत धरून, मंग काठीनं, मंग तशीच. आज तुही काकी पायी देवरीच्या बाजारात जाऊन मासळीवालीसंगं भाव करते. डाक्टरचे उपकार हायेतच, मुन्नालालचे बी हायेत, पन पह्यला नंबर सुशीलाबाईचा. तिले मनलं तं मने, "कायले लाजवता भाऊ, मी तं तुमची बाग खाऊनच टाकली असती."

आता सुशीलाबाई पोराकडं, धर्मेंद्रकडं, मुर्रीले रायते. दिवाळीत न्हानीत पडली, खुबा मोडला. आपरेशन झालं, हाड जुळलं. पन खाट सोडत नाई मन्ते धर्मेंद्र. काल कुसुम तिच्यासंगं फोनवर बोलली. एवढी आवाजाची बाई, पन अर्धं ऐकूच आलं नाई.

चाक बसलं तुहं. तू गोंदियाले चाललाच हायेस, तिथून मुर्री काई दूर नाई राजदीप, एवढं काम कर. हे थैली घे, ओल्या फडक्यात शेंडे हायेत, कुसुमनं सकाळीच खुडले. धर्मेंद्रच्या अंगनात ऊन कोठं पडते ते पाह्य अन् तुह्या हातानं खोचून दे. पन खाटेजवळ नको लावू बापू. खाटेवरून रंग दिसन, पन हात पुरनार नाई, एवढ्या दूर लाव.