काट्यावरचं बाळ

बाळाला घरात रातपाळी म्हणायचे. नाव ठेवलं बापानं, आणि हा बाप स्वतः दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून सकाळपर्यंत ढाराढूर झोपायचा. दिवस मावळला की पोरगं टक्क जागं. अर्धा तास अंगावर प्यायचं, दोन मिनिटं डोळा मिटायचं, की पुन्हा टाहो. पुन्हा पदराखाली, पुन्हा टाहो. त्याच्या आईची, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेची, पाठ पहाटेपर्यंत भिंतीला टेकलेली असायची आणि डोळ्यांत नुसती आग.

घर वरच्या मजल्यावर, खाली दुकान. खिळे, स्क्रू, नट-बोल्ट, कड्या, बिजागऱ्या, सगळा माल वजनावर. गल्ल्यावर सासूबाई. त्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक दुकानातला काटा, ज्यानं गिऱ्हाइकाला कधी ग्रॅमभर फसवलं नाही. दुसरा, स्वतःचं दूध. "दोन दोन पोरं अंगावर वाढवली. डब्याचा चमचा घरात येऊ दिला नाही," हे त्या खिळे घ्यायला आलेल्या सुतारालाही ऐकवायच्या. सुतार बिचारा काय बोलणार, मान हलवून सुट्या पैशांची वाट बघायचा.

हा अभिमान सात वर्षं थोरल्या सुनेच्या डोक्यावर मिरे वाटत होता. थोरलीला दूध आलंच नाही, तिची मुलगी डब्याच्या दुधावर वाढली. झालं. मुलगी शिंकली, "बाटलीची ना." गणितात कमी मार्क पडले, "बाटलीची ना." पुढं पुढं तर तिला हाकच ‘बाटले’ अशी पडायला लागली. खरं सांगायचं तर लग्न होऊन आल्यावर महिन्याभरात धाकटीही तीच हाक मारायला लागली. हसत हसत. वाईट हेतू नव्हता म्हणे.

आता पाळी तिच्यावर आली. बाळ दहा दिवसांचं झालं तसं सासूबाईंनी फर्मान काढलं. दवाखान्याचे हेलपाटे कशाला, घरात काटा काय कमी आहे? रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाळ दुपट्यासकट काट्यावर, आणि आकडा खडूनं भिंतीवर. तीन दिवस आकडा जागचा हलला नाही. चौथ्या दिवशी वीस ग्रॅमनं उतरला.  सासूबाईंनी आधी थोरलीकडं पाहिलं, मग धाकटीकडं, आणि किंचित हसल्या.  पुढची सगळी वर्षं धाकटीला तिथंच, खिळ्यांच्या खोक्यांमध्ये उभ्या उभ्या दिसली.

त्या दुपारी तिनं दुकानातून सोळा नंबरचा एक नट उचलला. पस्तीस ग्रॅम. कुठला नट किती ग्रॅमचा, हे या घरात सगळ्यांना पाठ. तिनं तो दुपट्याच्या दुमडीत शिवून टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पोर असं रोज एका नटानं वाढायला लागलं. सासूबाई खूश, नवरा खूश. "रात्रभर पितोय, मग वाढणारच की," सासूबाई म्हणाल्या. रात्रभर का पितोय, हे कुणी विचारलं नाही.

धाकटीला मात्र ठाऊक होतं. पोर उपाशी होतं. त्याच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती, आणि दिवसा ते पडून राहायचं ते झोप लागायची म्हणून नव्हे, रडायचं त्राण नसायचं म्हणून. तिला हे सगळं दिसत होतं आणि तरी ती रोज दुपारी सुईत दोरा ओवत होती. तिची कीव करायची तर करा. मला नाही येत.

अकरावा नट शिवला त्या दिवशी तिला बसल्याजागी डुलकी लागली, आणि थोरलीनं धुण्यात ते दुपटं घेतलं. बादलीत टाकलं तर थेट तळाला. थोरलीनं शिवण उसवली आणि नट मोजले. मग दुपटं धुऊन, वाळवून, सगळे नट होते तसे परत शिवून तिनं ते पाळण्यात ठेवलं. टाके तिचे जास्त सफाईदार होते.

रात्री दोनला ती धाकटीच्या खोलीत आली. हातात दुधाची बाटली. थोरला दीर माल आणायला कायम बाहेरगावी, आणि रातपाळीचा बाप कापसाच्या पलीकडं, त्यामुळं बघणारं कुणी नव्हतं.

"दूध कमी असणं गुन्हा नाही," थोरली म्हणाली. "पण तू करतेस ते काय आहे?"

 थोरलीनं बाळ ओढून घेतलं आणि बाटली तोंडाला लावली. पोरानं एका दमात सगळं संपवलं, ढेकर दिली आणि उजाडेपर्यंत झोपलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

"आईंना सांगू नका, ताई. पाया पडते तुमच्या."

"नाही सांगत. माझ्या पोरीनं ऐकलं तेवढं बास झालं. यानं कशाला ऐकायचं?"

तेव्हापासून रोजचा नेम. रात्री दोनदा, आणि दुपारी सासूबाई गल्ल्यावर असताना एकदा. डबा थोरलीच्या कपाटात, किल्ली थोरलीच्या कनवटीला. बाळ खरोखरचं भरत गेलं तसा एकेक नट दुपट्यातून निघून खाली खोक्यात परत गेला. दोन महिन्यांत पोर टम्म झालं, आणि भिंतीवरच्या आकड्यांत कुठं खळगा दिसला नाही.

मग एका रविवारी सासूबाईंची बहीण आणि दोन शेजारणी बाळ बघायला आल्या. सासूबाईंनी सगळ्यांना खाली दुकानात नेलं, पोराला उघडंच काट्यावर ठेवलं आणि आकड्यावर बोट नेलं. "निव्वळ आईचं दूध. बघून घ्या." थोरली चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिच्यामागं तिची मुलगी बिस्किटांची बशी घेऊन. सासूबाईंनी पोरीचं मनगट दोन बोटांत धरून वर केलं. "आणि ही आमची बाटली. सात वर्षांची झाली, अंगावर आहे का काही?"

बायका हसल्या. पोरीनं मनगट सोडवून घेतलं नाही, बशी सरळ धरायची म्हणून दुसऱ्या हाताची बोटं तेवढी पांढरी पडली. थोरलीनं धाकटीकडं पाहिलं. तेवढंच, एकदा.

"काय गं, तू काय केलंस एवढं?" मावशीनं धाकटीला विचारलं.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण एवढं कौतुक तिच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नव्हतं. ती लाजली आणि म्हणाली, "मनापासून पाजावं लागतं, मावशी. कंटाळा करून नाही चालत."

थोरलीनं ट्रे खाली ठेवला, सगळ्यांना कप दिले, धाकटीलाही दिला.

त्या रात्री दोन वाजले आणि दार वाजलं नाही. सव्वादोन झाले. रातपाळी जागा झाला, अंगावर चार घोट ओढले आणि ओरडायला लागला. धाकटीनं इकडून घेतलं, तिकडून घेतलं, दोन्ही बाजू कोरड्याठाक. शेवटी त्याला खांद्यावर टाकून ती थोरलीच्या दाराशी गेली. आतून कडी.

"ताई," ती कुजबुजली. "ताई, उठा ना."

"जागीच आहे," आतून आवाज आला. "मनापासून पाज."

"चुकले मी. माफ करा. तो रडून निळा व्हायला लागलाय."

"का रडतोय?"

"भूक लागलीय."

"मग तुझ्या दुधाला काय झालं?"

धाकटीनं सासूबाईंच्या बंद दाराकडं पाहिलं. "पुरत नाही," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"ऐकू आलं नाही. माझी पोर पण जागी आहे, तिलाही ऐकू जाऊ दे."

पोरगं आता श्वास अडकवून रडत होतं. एक हुंदका, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग पुढचा. धाकटी मोजत होती. तिसऱ्या वेळी ते इतकं लांबलं की तिनं सासूबाईंच्या दाराकडं बघणं सोडून दिलं.

"माझ्या दुधानं त्याचं पोट भरत नाही," ती ओरडली. "पहिल्यापासून नाही भरत. भिंतीवरचे सुरुवातीचे आकडेही खोटे. तुमच्या बाटलीवर जगलाय तो."

सासूबाईंच्या खोलीतला दिवा लागला. थोरलीची कडीही निघाली. दारात थोरली, पलंगावर तिची मुलगी पाय पोटाशी घेऊन बसलेली. बाटली भरून तयार होती. थोरली ती दोन वाजल्यापासून पदरात गुंडाळून धरून बसली होती. तिनं बाळ घेतलं, बाटली त्याच्या तोंडात दिली आणि एका हातानं दार लोटून घेतलं. बाहेर घटाघट गिळल्याचा आवाज येत राहिला.

सासूबाई बाहेर आल्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न नातवाचा नव्हता.

"काट्यावर काय ठेवत होतीस?"

"नट."

"कुठला?"

"सोळा नंबरचा."

"किती झाले होते?"

"अकरा."

चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई ती, तिला कागद लागला नाही. "तीनशे पंच्याऐंशी," सासूबाई म्हणाल्या आणि हा आकडा कशाचा आहे हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चाचपडत जिन्याची पायरी शोधली आणि खाली बसल्या. "तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम उपाशी होता माझा नातू. आणि तू तोंडानं बोलली नाहीस?"

"तुम्ही हसला असता, आई."

सासूबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. दाराआडचं गिळणं थांबलं होतं, पोरगं झोपलं असावं.

"हो," त्या म्हणाल्या. "हसले असते."