सहावी सिरिंज

“पोट आत ओढू नका, सैल सोडा,” डॉक्टर म्हणाले.

“सैल सोडायला त्यात आहे काय?” ती म्हणाली. “चार महिने खाऊन खाऊन एवढंच जमलंय. सासूबाई रोज सहा अंडी पुढ्यात आणून ठेवायच्या आणि संपेपर्यंत समोर ठाण मांडून बसायच्या. आता कोंबडी दिसली की मीच तोंड लपवते.”

डॉक्टर हसले नाहीत. निळ्या पेनाने ते तिच्या पोटावर आणि मांड्यांवर गोल काढत होते. चरबी ओढून घ्यायची ती या गोलांमधून. कमरेवरची कातडी त्यांनी चिमटीत धरून पाहिली, सोडली, पुन्हा धरली. “पुरेल,” म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

शेजारी गाऊन धरून उभ्या असलेल्या सिस्टरना तो सूर ओळखीचा होता. पुरलं तर पुरेल, असा तो सूर होता.

तिची उजवी छाती दोन वर्षांपूर्वी गाठीपायी काढून टाकावी लागली होती. वर रेडिएशन झालं. तिथली कातडी आता हाडाला चिकटून आळलेली, जुन्या कागदासारखी. तिच्याच अंगातली चरबी काढून तिथे भरायची, असं ठरलं होतं. अडचण एकच होती, बाईच्या अंगावर चरबी नव्हती. वीस वर्षं पोहायला शिकवून अंग कसं वेताच्या छडीसारखं झालं होतं. म्हणून डॉक्टरांनी चार महिन्यांची मुदत दिली, खा आणि या.

“पोहताना कपड्याच्या आत गादी लावायचे मी,” गाऊनच्या बाहीत हात घालताना ती सिस्टरना सांगू लागली. “एक दिवस निसटली ती. पोरांना श्वास कसा धरायचा ते दाखवतेय आणि ही बया पाण्यावर तरंगत निघाली त्यांच्याकडे. एक पोरटी ओरडते, बाई, तुमचा स्पंज!”

“अगं बाई! मग?”

“मग काय, आणून दिला तिनं. वर विचारते कशी, ह्यानं पाठ चोळता का?”

दोघी हसल्या. ती आधी थांबली. “त्यानंतर मी पाण्यात पाय नाही घातला. काठावरून शिकवते, शिट्टी वाजवून.” मग गाऊनची नाडी सिस्टरच्या हातात देत म्हणाली, “सिस्टर, एवढं खाऊन कमावलंय. सांडू नका हं.”

“एकतीस वर्षं झाली मला या कामात. अजून काही सांडलेलं नाही.”

ऑपरेशन थिएटरपुरतं ते खरं होतं. घरी चहा ओतताना हल्ली धार कपाबाहेर जायची. नवऱ्याने काही न बोलता कपाखाली मोठी ताटली ठेवायला सुरुवात केली होती, आणि त्यावरून सिस्टर त्याला ताडताड बोलल्या होत्या. “मला काय आंधळी समजता?” तो बिचारा ताटली पुसून पुन्हा ठेवायचा. डोळे तपासून घे, असं मुलगाही दर फोनला म्हणायचा. निवृत्तीला आठ महिने होते. नंतर बघू, म्हणून त्यांनी ते ढकललं होतं.

सिस्टर ठेंगण्या होत्या. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायला त्यांना पायाखाली लोखंडी पाट लागे. हाताखालची मुलगी याच्या उलट, ताडमाड. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोघींना नावंच ठेवली होती, पाट आणि शिडी. पाटाने शिडीला दोन वर्षांत सगळं शिकवलं होतं, आणि सगळ्यात आधी हे, की निर्जंतुक वस्तू बाहेरच्या कशाला लागली अशी नुसती शंका आली तरी ती लागलीच म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी शिडीला अशीच शंका आली, तर सिस्टरनी तिला मांडलेली अख्खी ट्रॉली मोडायला लावली होती. पोर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली. सिस्टरनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

आज शिडी बाहेरच्या कामाला होती, लागेल ते लांबून देणारी. ट्रॉली सिस्टरची.

चरबी ओढायला दीड तास गेला. डॉक्टर नळी आत फिरवत होते आणि मोठ्या सिरिंजमध्ये केशरी, दाट असं काही चढत होतं. सहा सिरिंज भरल्या. सातवी लावली तेव्हा नुसतं लाल पाणी आलं.

“बस,” डॉक्टर म्हणाले. “आणखी ओढली तर खड्डे पडतील. एवढ्यावरच भागवायचं.”

पुढचं काम सिस्टरचं होतं. सिरिंज टोक खाली करून स्टँडमध्ये उभ्या ठेवायच्या. हळूहळू पाणी खाली बसतं, तेल वर येतं, मधे राहते ती कामाची चरबी. खालचं पाणी सोडून द्यायचं, टोकाला बूच लावायचं, वरचा दट्ट्या काढायचा आणि उघड्या तोंडातून गॉजने तेल टिपून घ्यायचं. घाई केली तर चरबी मरते. भरलेली सगळी जगतेच असंही नाही. तिसरा हिस्सा, कधी निम्मीसुद्धा विरून जाते. म्हणून एकेक थेंबाला मोल.

डॉक्टरांनी भरायला सुरुवात केली होती. बारीक नळीने, धाग्याधाग्याने, आळलेल्या कातडीखाली. दोन सिरिंज संपल्या. कागदाखाली काहीतरी फुगून यावं तशी छाती वर येऊ लागली होती.

सिस्टरनी सहावी उचलली. दट्ट्या काढलेला, रुंद तोंड उघडं. त्याच वेळी पलीकडून भूलवाल्या बाईंनी सलाईनचा खांब पाऊलभर इकडे सरकवला.

सिस्टरना दिसलं ते असं: सिरिंजची कड आणि तो खांब एक झाले, आणि पुन्हा वेगळे झाले.

हाताला धक्का बसला नाही. आवाज आला नाही. कुणी मान वर केली नाही.

त्यांनी सहावी स्टँडच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली.

“तिसरी,” डॉक्टर म्हणाले. सिस्टरनी तिसरी दिली.

गॉजची घडी त्यांनी उगाच पुन्हा घातली. लागलं असतं तर हाताला कळलं असतं. पण हातमोजे दुहेरी होते. खांब तर दिवसभर कुणीही धरतो. रेडिएशनच्या कातडीत पू झाला तर ही एक काय, सहाच्या सहा वाहून जातील. असं एकदा झालेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या बाईच्या पट्ट्या महिनाभर त्यांनीच बदलल्या होत्या.

“चौथी.”

आणि लागलंच नसेल तर? सासूने समोर बसून खाऊ घातलेली अंडी सगळी बादलीत.

“पाचवी. सिस्टर, हात का थांबला?”

“घ्या.”

भूलवाल्या बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “आटपा हं आता. रक्तदाब उतरायला लागलाय.”

“शेवटचीच राहिली. छान होतंय,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन्ही बाजू लांबून पाहिल्या. “अजून एवढी बसली की जोडीला जोड. द्या.”

“डॉक्टर, ही नको.”

“म्हणजे?”

“खांबाला लागली असावी. सरकवला तेव्हा.”

भूलवाल्या बाईंनी हात खांबावरून झटकन काढला, जणू खांब तापला होता.

“असावी की लागली?” डॉक्टरांचा आवाज चढला. “सिस्टर, हिच्या अंगात आणखी थेंब नाहीये. तुम्ही पाहिलंत ना सातवीत काय आलं ते?”

“पाहिलं.”

“मग नक्की सांगा.”

“नक्की नाही सांगता येत.”

“लागली नाही,” भिंतीकडून शिडी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती लाल झाली, पण बोलली. “मी या बाजूने बघत होते, डॉक्टर. मधे फट होती. चांगली होती.”

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांत राग कमी, विनवणी जास्त होती. “हिची नजर तरणी आहे, सिस्टर. भरू या?”

सुटायची वाट समोर उघडी होती. नुसती मान हलवायची. पण मान हलवायची म्हणजे या पोरीला दिसलं ते खरं आणि मला दिसलं ते खोटं, असं चारचौघांत कबूल करायचं. सिस्टरनी स्वतःलाच विचारलं, बाई गं, तुला रोग्याची काळजी आहे का तुझी? टेबलावर छाती उघडी होती आणि रक्तदाब उतरत होता.

“ट्रॉली माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मला शंका आली. टाकायची.”

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले आणि टाक्याची सुई मागितली.

सहावी सिरिंज सिस्टरनी स्वतः बादलीत रिकामी केली. पिवळी चरबी हळूहळू कडेवरून खाली सरकली. चार महिन्यांतले वीस दिवस होते ते.

कपडे बदलायच्या खोलीत शिडी पाठ करून बुटांच्या नाड्या बांधत होती. नाड्या कधीच्या बांधून झाल्या होत्या.

“रागावलीस?” सिस्टरनी विचारलं.

“मी कोण रागावणार?”

“इकडे बघ. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. तुला कसं दिसलं?”

शिडी उठली. “सिस्टर, खरंच फट होती. लागायचा प्रश्नच नव्हता.”

“केवढी होती?”

शिडीने हात वर धरला आणि अंगठा नि पहिलं बोट समोरासमोर आणलं. “एवढी.”

सिस्टर बघत राहिल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मान जरा तिरकी केली.

“दाखव की,” त्या म्हणाल्या.

“दाखवतेच आहे.”

त्यांना शिडीची बोटं एकमेकांना टेकलेली दिसत होती.

शिडीचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने तो खाली घेतला. “सिस्टर…” ती म्हणाली.

“जा तू. बस चुकेल तुझी.”

संध्याकाळी सिस्टर वॉर्डात गेल्या तेव्हा पोहणारी बाई उशीला टेकून बसली होती. छातीवर सैल पट्टी. तिथे काही दाबू नये, त्या कुशीवर झोपू नये, हे डॉक्टर सांगून गेले होते.

“या,” ती म्हणाली. घसा अजून बसलेला होता. “डॉक्टर म्हणाले, पाच भरल्या. सहा निघाल्या होत्या ना? म्हणाले, एक वापरण्याजोगी नव्हती.”

“वापरण्याजोगी होती,” सिस्टर म्हणाल्या. “मी टाकली.”

ती उशीवरून पुढे झाली.

“खांबाला लागली असं मला दिसलं. लागली नव्हती. माझ्या हाताखालची मुलगी सांगत होती, डॉक्टर भरायला तयार होते. मीच नको म्हटलं. माझ्या डोळ्यांना मधली फट दिसत नाही. ते आज मला कळलं. तुमच्यावर कळलं.”

बाहेर कुणीतरी जेवणाची भांडी वाजवत गाडा ढकलत नेत होतं.

“तुम्ही म्हणाला होतात, सांडलेलं नाही म्हणून.”

“हो.”

“आता मला परत खायचं. परत चिरून घ्यायचं.” तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. “निघा तुम्ही, सिस्टर. आत्ता निघा.”

सिस्टर निघाल्या. दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून आवाज आला.

“पुढच्या वेळी ट्रॉलीला कोण?”

“ती उंच मुलगी. हात चांगला आहे तिचा. मी शिकवलंय.”

“आणि तुम्ही?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“या तुम्ही,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “पण लांब उभ्या राहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ट्रॉलीपुढे सिस्टरचं नाव नव्हतं. ते त्यांनीच पुसलं होतं आणि खाली शिडीचं लिहिलं होतं. भूलवाल्या बाईंनी फळा वाचला. डॉक्टर म्हणाले, “डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फोन केलाय. अकरा वाजता जा.”

“ट्रॉली मांडून होऊ दे. मग जाते.”

शिडी हातमोजे घालून ट्रॉलीशी उभी राहिली. तिला पाटाची गरज नव्हती. सिस्टरनी तो उचलून भिंतीशी उभा करून ठेवला. जमिनीवरून त्यांना टेबलाची फक्त कड दिसत होती.

“सलाईन ओता ना, सिस्टर,” शिडी म्हणाली.

बाहेरच्या माणसाचं काम होतं ते, ट्रॉलीवरच्या वाडग्यात लांबून बाटली ओतायची. सिस्टरनी बाटलीचं झाकण काढलं, हात उंच केला आणि बाटली कलती केली. धार जरा अलीकडे पडू लागली.

शिडीने वर पाहिलं नाही. तिने वाडगा उचलला आणि धारेखाली आणून धरला.