पार्किंगमधला कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, ढब्बू, आणि आवाज असा की शेजारचं भांडणसुद्धा ऐकू येऊ नये. भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र एसीपुढं मी म्हणजे लग्नात बनियनवर आलेला मामा. लाज वाटते, पण जन्मच तसा, काय करता!

अकोल्याच्या एका कारखान्यात मला ठोकून ठोकून उभं केलं. दर्यापूरच्या खुशालरावांनी मला बसच्या टपावर घालून घरी नेलं आणि बैठकीच्या खिडकीला बसवलं. उन्हाळा लागला की त्यांच्या पत्नी लीलाबाई वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकी घासायच्या, पाणी भरायच्या. मी सुरू झालो की अर्धी गल्ली आमच्याकडे. "लीलाबाईच्या घरी तं चिखलदरा हाये," असं म्हणत शेजारची पंचफुला पाय पसरायची आणि घोरायला लागायची. मोठा मान होता हो मला.

पुढं खुशालराव गेले. मुलगा अमोल अमरावतीला नवं घर बांधत होता. कुठल्याशा थंड मुलखातल्या घराचा फोटो त्यानं मोबाइलवर पाहिला आणि हट्टच धरला, अस्संच पाहिजे. रस्त्याच्या बाजूनं जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच! आता रस्ता नेमका पश्चिमेला. वऱ्हाडात पश्चिमेला काच लावणं म्हणजे उन्हाला अक्षत देऊन बोलावणं. पण येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून पाहावं, ही त्याची हौस. बरं, खिडकी म्हणावी तर एकही उघडत नव्हती.

"कूलर येईन तं मी येईन," असं लीलाबाईंनी ठणकावलं, म्हणून मीही आलो. एसीनं त्यांचे गुडघे धरायचे. पण कूलरला उघडी खिडकी लागते. सून रागिणी म्हणाली, "आईंच्या खोलीची एक काच काढून घेऊ ना." अमोल म्हणाला, "घराचा लूक जाईन!" झालं, माझी रवानगी खाली पार्किंगमध्ये, स्कूटरमागं, अंगावर जुनी चादर.

लीलाबाईंची खोली दुपारी तव्यासारखी तापायची. एसी लावला की गुडघे, बंद केला की जीव कासावीस. पोराची हौस मोडू नये म्हणून त्या बोलल्या नाहीत. दोघं कामाला गेली की जिन्याचा कठडा धरून हळूहळू खाली यायच्या, चादर काढायच्या, बादलीनं पाणी ओतायच्या आणि माझ्यासमोर पोतं टाकून बसायच्या. अमोलची गाडी यायच्या आत मला झाकून वर. पोटच्या लेकाच्या घरात असं चोरून बसायचं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा अमोल दुपारीच आला. अकोल्याचं एक जोडपं त्याचं घर पाहायला आलं होतं. त्यांनाही तसंच बांधायचं होतं. माझ्या आवाजात लीलाबाईंना फाटक ऐकूच आलं नाही. माझा हा मेला आवाज!

"ह्या कोण?" त्या बाईंनी विचारलं.

लीलाबाई धडपडत उठल्या, डोक्यावर पदर घेतला. "मी कामाले हाये इथं. साहेब, पाव्हण्याईले वर्त न्या ना."

पोटच्या पोराला साहेब! आणि अमोल? तो बुटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हं, चला."

माझी मोटर तेव्हाच जळायला हवी होती. लीलाबाईंनी बटण बंद केलं, तसं वरचं बोलणं जिन्यातून ऐकू यायला लागलं.

"वा, काय उजेड हाये!" पाहुणे म्हणाले. मग जरा वेळानं, घाम पुसत असावेत, "पण भाऊ, दुपारी बसता कुठं तुमी?"

मग अमोल धाडधाड जिना उतरून आला, पाठोपाठ पाहुणे.

"हे माही माय हाये," तो म्हणाला. "कामाले नाई. मले लाज वाटली, म्हून मी गप बसलो."

लीलाबाई उलट त्याच्यावरच उखडल्या. "काहून सांगतं रे! तुही इज्जत वाचोली होती न मी!"

तो मटकन पोत्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. पाहुण्यांना कुठं पाहावं कळेना.

"ऊठ," लीलाबाई म्हणाल्या, "पँट खराब होईन."

आठवड्याच्या आत त्यांच्या खोलीची काच निघाली. आता मी तिथं बसतो, गंजका, घडघडणारा. टाकी अमोलच भरतो. पण मित्रांनो, फाटक वाजलं की लीलाबाई आजही दचकून उठतात, बटण बंद करतात आणि मला झाकायला काहीतरी शोधतात. अमोल ते पाहतो आणि मान खाली घालतो. तेवढं मात्र कोणत्याच कारागिराला दुरुस्त करता येत नाही.

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. घर सुंदर बांधा, हौसेनं बांधा. पण आपल्याच माणसाला लपून बसावं लागेल, असं घर कधी बांधू नका.